दवाखाना, इस्पितळ, रुग्णालय : सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाचा सेवाविस्तार

आजाऱ्यावर उपचार करण्याच्या जागेला मराठीत तीन शब्द रूढ आहेत व त्या तिन्ही शब्दांची कुळे भिन्न आहेत. ‘दवाखाना’ हा अरबी ‘दवा’ आणि फारसी ‘खाना’ यांच्या संयोगातून आला. औषध मिळण्याची जागा एवढाच त्याचा मूळचा अर्थ. आजाऱ्याने तेथे राहावे ही अपेक्षा त्यात नाही. ‘इस्पितळ’ हा शब्द पोर्तुगीजांच्या मार्गाने आला. १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर लौकरच त्यांनी तेथे राजाश्रयाखाली एक रुग्णालय उभारले होते. या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ज्या शब्दात आहे, त्याचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही होतो. म्हणजे मुळात इस्पितळ हे पाहुण्यांना उतरण्याचे ठिकाण होय. तिसरा शब्द ‘रुग्णालय’. याचे दोन्ही घटक संस्कृत, मात्र त्यांची जोड अर्वाचीन. ‘रुज्’ म्हणजे मोडणे, पीडा देणे; तेव्हा रुग्ण म्हणजे मोडलेला, आणि रुग्णालय म्हणजे मोडलेल्यांचे घर. आजचा लेखक हे तिन्ही शब्द पर्यायी म्हणून वापरतो आणि व्यवहारात त्याने फारसे बिघडतही नाही. परंतु औषध देणे, आजाऱ्याला ठेवून घेणे आणि त्याचे मोडलेले जीवन सांधणे या तीन निरनिराळ्या सेवा आहेत. एखादी संस्था एका सेवेकडून दुसरीकडे कशी जाते, व जाताना काय मिळविते आणि काय गमावते, हे पाहावयाचे असेल तर वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

या रुग्णालयाच्या उगमाशीच एक विसंगती आहे. १९०९ मध्ये लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्या’त गांधीजींनी डॉक्टरांवर आणि रुग्णालयांवर अत्यंत कठोर टीका केली होती. मनुष्य असंयमाने वागतो, डॉक्टर त्याला औषध देऊन बरे करतो आणि त्यामुळे तो पुन्हा असंयमाकडे वळतो, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. पुढे १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात एका इंग्रज शल्यवैद्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. १९३६ च्या सप्टेंबरात ते हिवतापाने आजारी पडले, आणि वर्ध्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांना ठेवावे लागले. टीकाकारांनी या प्रसंगांवरून त्यांना टोचले हे खरे. पण यात तत्त्वच्युती शोधण्यापेक्षा एक गोष्ट ध्यानात घेणे अधिक उपयोगाचे आहे. गांधीजींचा आक्षेप उपचाराला नव्हता. आरोग्याची जबाबदारी माणसाच्या हातातून काढून घेणाऱ्या व्यवस्थेला होता. कस्तुरबा रुग्णालयाचा पुढचा सर्व इतिहास या एका आक्षेपाशी झालेला दीर्घ संवाद आहे असे म्हटले तरी चालेल.

गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर असलेल्या सेगाव या खेड्यात राहावयास आले. गाव लहान, वस्ती बहुतांशी दलितांची, पावसाळ्यात रस्ता चिखलाने बंद, आणि हिवताप, हगवण, खरूज हे रोग कायमचे. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव व हे सेगाव यांच्या नावांतील साम्यामुळे टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव ‘सेवाग्राम’ असे बदलण्यात आले. स्थलनामाच्या इतिहासात टपालखात्याच्या सोयीसाठी झालेला बदल एवढा अर्थपूर्ण ठरल्याचे उदाहरण विरळाच. आश्रमात आजाऱ्यांची शुश्रूषा हा दिनक्रमाचाच भाग होता. मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, आहारातील पथ्य हे गांधीजींचे आवडते उपाय. आश्रमातील आणि गावातील आजाऱ्यांकडे ते नित्य फेरी घालीत. ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून झालेला आहे. ऐकण्याची इच्छा हा त्याचा पहिला अर्थ, आणि सेवा हा नंतरचा. आजाऱ्याचे ऐकून घेणे हाच ज्या उपचारपद्धतीचा मोठा भाग होता, तिला हा शब्द पुरेपूर लागू पडत होता.

१९३९ मध्ये परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले. ते संस्कृतचे जाणकार पंडित, येरवडा तुरुंगातील गांधीजींचे सहबंदी, आणि कुष्ठरोगाने ग्रासलेले. त्यांना आश्रमात ठेवून घ्यावे की नाही याविषयी आश्रमवासीयांच्या मनात भीती असणे स्वाभाविक होते. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळ झोपडी बांधविली व स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करण्याचा नेम ठेवला. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ पासूनच कुष्ठरोग्यांसाठी काम आरंभिले होते. शास्त्रीबोवांचे अखेरचे दिवस तेथे गेले, आणि १९४५ मध्ये तेथेच ते वारले. दत्तपूरच्या संस्थेचे नाव ‘महारोगी सेवा मंडळ’. ज्यांनी हे नाव दिले त्यांना ‘महारोगी’ या शब्दाची धार ठाऊक नव्हती असे नाही. त्या काळी खेड्यात समजणारा तोच शब्द होता. पुढे ‘कुष्ठरोगी’ आणि नंतर ‘कुष्ठरुग्ण’ अशी पालटत गेलेली रूपे पाहिली, म्हणजे समाजाची दृष्टी बदलण्याच्या प्रयत्नांचा आलेखच हाती येतो. प्रत्येक नवा शब्द काही काळ स्वच्छ राहतो, आणि तिरस्कार शिल्लक असेल तर काही वर्षांत तोही मळतो.

दवाखान्याची सुरुवात डॉ. सुशीला नय्यर यांच्या येण्याने झाली. १९१४ मध्ये पंजाबात जन्मलेल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आणि गांधीजींचे चिटणीस प्यारेलाल यांच्या भगिनी असलेल्या सुशीलाबेन शिक्षण संपल्यावर सेवाग्रामला आल्या. गांधीजींची प्रकृती सांभाळणे हे एक काम. परंतु पटकीच्या साथीत गावात फिरणे, लस टोचणे, विहिरींत औषध टाकणे आणि आश्रमात येणाऱ्या गावकऱ्यांना तपासणे ही दुसरी कामे लौकरच पहिल्याहून मोठी झाली. १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलनात गांधीजी, कस्तुरबा आणि सुशीलाबेन यांना पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध करण्यात आले. तेथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर निधी जमविण्यात आला. गांधीजींच्या वयाच्या ७५ व्या वर्षास अनुलक्षून ७५ लक्ष रुपयांचा संकल्प होता. प्रत्यक्षात एक कोटीहून अधिक रक्कम जमली. हा निधी खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठीच खर्च व्हावा असे गांधीजींनी ठरविले.

सेवाग्रामला रुग्णालय सुरू झाले ते या वातावरणात, १९४५ मध्ये. आश्रमाला भेट देणाऱ्यांसाठी बिर्लांनी बांधविलेले अतिथिगृह या कामासाठी देण्यात आले, तेथे १५ खाटा मांडण्यात आल्या, आणि रुग्णालयाला कस्तुरबांचे नाव देण्यात आले. पाहुण्यांच्या घराचे इस्पितळ झाले. म्हणजे शब्द आपल्या लॅटिन माहेरी परत गेला असे एखाद्या व्युत्पत्तिप्रेमी अभ्यासकाला वाटल्यास नवल नाही. प्रथम तेथे केवळ स्त्रिया व मुले यांनाच प्रवेश होता. या मर्यादेचा अर्थ आज चटकन ध्यानात येत नाही. त्या काळी खेड्यातील स्त्रीचे बाळंतपण घरी, अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाताने होई. आणि मूल आडवे आले अथवा रक्तस्राव थांबेना, तर दैवावर हवाला ठेवण्यापलीकडे उपाय नसे. जिल्ह्याच्या रुग्णालयात पुरुष डॉक्टराकडून तपासून घेण्यापेक्षा मरण बरे, असे मानणाऱ्या घरांची संख्या लहान नव्हती. स्त्री डॉक्टर असलेले, पायी अथवा बैलगाडीने गाठता येईल असे आणि घरच्यासारखे दिसणारे ठिकाण ही त्या भागातील स्त्रियांच्या दृष्टीने नवीच गोष्ट होती. काही काळाने पुरुषांनाही प्रवेश मिळू लागला. तो मागणीच्या रेट्याने मिळाला. बायकोवर उपचार होतो आणि नवऱ्यावर होत नाही ही स्थिती कोणत्याही गावात फार दिवस टिकणारी नव्हती.

याच सुमारास गांधीजी दुसऱ्या एका वाटेचाही शोध घेत होते. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. गरिबाला परवडेल, गावातच मिळेल असा उपचार त्यांना हवा होता. उरुळी आणि सेवाग्राम ही एकाच विचाराची दोन अपत्ये. एकाने औषधाचा मार्ग सोडला, दुसऱ्याने तो पत्करला. सेवाग्रामने पत्करलेला मार्ग अधिक खर्चाचा होता, आणि खर्चाचा प्रश्न त्याला पुढे कधीच सोडून गेला नाही.

१९५० नंतरच्या दशकात रुग्णालयाच्या परिसरात झालेले सर्वांत मूलगामी काम रुग्णालयाच्या भिंतीबाहेर झाले. १९५१ मध्ये वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाची स्थापना झाली. डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने पाहणी, लोकशिक्षण व उपचार अशी त्रिसूत्री सिद्ध केली. सेवाग्रामचा परिसर तिच्या पहिल्या कार्यक्षेत्रांपैकी एक होय. तोवर कुष्ठरोगाचा उपचार म्हणजे रोग्याला गावाबाहेर, वसाहतीत नेऊन ठेवणे. हाच काय तो समज होता. सल्फोन गटातील औषधाच्या गोळ्या उपलब्ध झाल्यामुळे रोग्याला त्याच्या घरी ठेवून, कार्यकर्त्याने घरोघर जाऊन, अंगावरचे चट्टे तपासून उपचार करणे शक्य झाले. खाटांची संख्या हे रुग्णालयाच्या मोठेपणाचे माप असते; या कामात एकही खाट लागत नव्हती. पुढे १९८० नंतरच्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धती रूढ झाली आणि वर्षानुवर्षे चालणारा उपचार महिन्यांत आटोपू लागला. परंतु घरापर्यंत जाण्याची ही सवय त्याआधीच लागलेली होती, आणि नव्या पद्धतीचा प्रसार तिच्यामुळेच सुकर झाला.

सुशीलाबेन यानंतर बराच काळ सेवाग्रामबाहेर होत्या. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले, १९५२ मध्ये दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री झाल्या आणि १९६२ ते १९६७ या काळात त्यांनी केंद्रीय आरोग्यमंत्रिपद सांभाळले. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली व रुग्णालयाचा कारभार तिच्याकडे आला. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, याच सोसायटीने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत साठ विद्यार्थी होते. खेड्यात स्थापन झालेले हे देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय होय. डॉक्टर खेड्यात जात नाहीत ही तक्रार जुनी. त्यांना शहरात घडवून खेड्यात पाठविण्याऐवजी खेड्यातच घडवावे ही यामागील कल्पना.

ही कल्पना केवळ इमारतीच्या जागेपुरती ठेवली गेली नाही, हे मान्य केले पाहिजे. नव्या विद्यार्थ्याचे पहिले दिवस गांधीजींच्या आश्रमात, झाडलोट, सूतकताई व प्रार्थना यांत जातात. त्यानंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी तेथे पंधरा दिवस मुक्काम करतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविली जातात आणि शिक्षण चालू असताना त्या कुटुंबांकडे त्याचे जाणे-येणे राहते. पदव्युत्तर शिक्षणासाठी ग्रामीण सेवेची अट घालण्यात आली. प्रवेशपरीक्षेत गांधीविचारावर एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. देशव्यापी सामाईक परीक्षा सक्तीची झाल्यावर ती गेली. प्रश्नपत्रिकेने कोणी गांधीवादी होत नाही हे खरे असले, तरी वैद्यकाकडे वळणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला ‘हिंद स्वराज्या’तील डॉक्टरांवरची टीका एकदा तरी वाचावी लागत होती, ही साधी गोष्ट नव्हती.

महाविद्यालयाबरोबर रुग्णालयाचे रूप पार पालटले. वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनुसार विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात खाटा, विभाग व अध्यापक असावे लागतात. त्यामुळे शल्यचिकित्सा, अस्थिरोग, नेत्र, कान-नाक-घसा, क्षयरोग, विकृतिशास्त्र, क्ष-किरण, रक्तपेढी असे एकामागून एक विभाग निघाले आणि पंधरा खाटांच्या जागी काही शतके खाटा झाल्या. खर्चाची विभागणीही ठरली : निम्मा भार केंद्र शासनाने, पाव राज्य शासनाने व पाव सोसायटीने उचलावयाचा. हा शेवटचा पाव हिस्सा दिसावयास लहान आहे, परंतु सर्व नैतिक प्रश्न त्यातच दडले आहेत. तो देणगीतून उभारावा, की आजाऱ्याकडून घ्यावा? आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याकडून काय घ्यावे?

या प्रश्नाला सेवाग्रामने दिलेले उत्तर ग्रामीण समाजरचनेच्या अभ्यासकालाही विचारात पाडणारे आहे. १९८० च्या सुमारास रुग्णालयातील वैद्यकशास्त्राचे अध्यापक डॉ. उल्हास जाजू आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले. रुग्णालय दाराशी असूनही गरीब तेथे येत नाही, आला तर फार उशिरा येतो, आणि फुकट औषधाची व्यवस्था केली तर तिचा लाभ गावातील वजनदार माणसेच आधी उचलतात, असे त्यांच्या निदर्शनास आले. त्यातून ज्वारीच्या रूपाने वर्गणी देण्याची योजना आकारास आली. सुगीच्या दिवसांत प्रत्येक कुटुंबाने ज्वारी द्यावयाची. भूमिहीनाने थोडी, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने अधिक. गावातील किमान तीन चतुर्थांश कुटुंबे सामील झाली तरच त्या गावाला योजना लागू व्हावयाची. जमलेल्या धान्याच्या पैशातून गावातील आरोग्यसेवकाचा व औषधांचा खर्च भागवावयाचा, आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास अकस्मात आलेल्या दुखण्याचा उपचार विनामूल्य. बाळंतपण, मोतीबिंदू यांसारख्या आधी ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी मात्र खर्चाचा काही अंश आजाऱ्याने सोसावयाचा.

या योजनेला ‘विमा’ असे म्हटले जाते. हा शब्द फारसीतून आला आहे व त्यामागे व्यापाऱ्याच्या जोखमीची कल्पना आहे. वस्तुतः गावकऱ्याच्या मनात तिची सांगड ‘बलुत्या’शी बसणे अधिक संभवनीय होते. सुगीला खळ्यावरच ज्याचा त्याचा वाटा काढून द्यावयाचा ही रीत महाराष्ट्राच्या खेड्याला शतकानुशतके परिचित होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील ‘गावगाड्या’त तिचे तपशीलवार वर्णन आहे. फरक मात्र महत्त्वाचा आहे. बलुत्यात वाटा जातीने ठरत असे. कोणी द्यावयाचा व कोणी हात पसरून घ्यावयाचा हे जन्माबरोबर निश्चित होई. ज्वारीच्या वर्गणीत देणारे सर्व आणि घेणारेही सर्व. ज्याने पायलीभर ज्वारी घातली तो रुग्णालयात याचक म्हणून येत नाही, हक्काने येतो. गांधीजींच्या जुन्या आक्षेपाला रुग्णालयाच्या बाजूने मिळालेले हे सर्वांत समर्पक उत्तर होय, असे म्हणण्यास हरकत नाही. तीन चतुर्थांश कुटुंबांच्या अटीचेही मर्म हेच. एकट्यादुकट्याने वर्गणी देऊन सेवा विकत घेता येत नव्हती. आधी गावाने एकत्र बसावे लागे, आणि गाव एकत्र बसले की दारिद्र्य, दारू, पाणी, जातीजातींतील वैर हे सगळेच विषय निघत.

योजनेच्या वाटेत अडचणी पुष्कळ आल्या. गावातले गट फुटत, वर्गणी थकत असे. त्यातच विदर्भाच्या शेतीचे स्वरूप बदलले. ज्वारीचा पेरा घटत गेला आणि त्याची जागा सोयाबीनने घेतली. ज्या धान्याने घरचे पोट भरते त्याचा वाटा काढणे आणि बाजारात विकावयाच्या पिकाचे पैसे मोजून देणे, या दोन कृतींचा भाव सारखा नसतो. रुग्णालयाने पुढे कुटुंबवार रोख वर्गणीची योजनाही चालविली. २०१२ पासून राज्य शासनाची आरोग्यविमा योजना टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. शासकीय योजनेत गावाने एकत्र बसण्याचे प्रयोजन उरत नाही. सोय वाढली हे निश्चित; ज्या कारणाने तीन चतुर्थांशांची अट घातली होती ते कारण मात्र नाहीसे झालेले नाही.

दुखण्यांचे स्वरूपही या ऐंशी वर्षांत पालटले. पटकी आणि आडलेली बाळंतपणे यांसाठी निघालेल्या रुग्णालयात आता मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग यांचे रुग्ण येतात. सर्पदंश पूर्वीही होता, आताही आहे. विदर्भातील काही समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तविकाराचे निदान व समुपदेशन ही नवी सेवा. आणि कापसाच्या प्रदेशाला साजेसे, परंतु कोणालाही न शोभणारे आणखी एक दुखणे आहे : पिकावर फवारावयाचे कीटकनाशक प्राशन केलेले शेतकरी व त्यांच्या घरच्या स्त्रिया. अशा रुग्णाला दिवसचे दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते. तो जगला तर त्याला परत जावयाचे असते ते त्याच कर्जाकडे. अतिदक्षता विभागाचे यंत्र येथे कितीही उत्तम चालले, तरी दुखण्याचे मूळ बाजारभावात आणि पावसात आहे.

या साऱ्या विस्तारात भाषेचा प्रश्न फारसा कोणी विचारात घेतलेला दिसत नाही. वर्ध्याकडील बोलीत पुल्लिंगी नामाबरोबरही ‘तो जाते’, ‘जीव घाबरते’ अशी क्रियापदे येतात. ‘जीव घाबरते’ असे सांगणाऱ्या बाईला छातीत धडधडत असेल, धाप लागत असेल, चक्कर येत असेल, किंवा घरात काही असे घडले असेल की जे तिला परक्यापुढे बोलता येत नाही. ‘अंगावरून जाते’ या दोन शब्दांच्या क्रियापदात स्त्रीरोगशास्त्राचे एक प्रकरण सामावलेले असते. विद्यार्थी हे ऐकतो व इंग्रजीत लिहून घेतो. या दोन क्रियांच्या मधल्या क्षणी चार अर्थांपैकी एक निवडला जातो. ज्याने त्या गावात पंधरा दिवस काढले आहेत तो बहुधा बरोबर निवडतो. दत्तक गावाच्या प्रथेचा हा लाभ तिच्या उद्देशपत्रिकेत लिहिलेला नसेल, पण तो सामान्य नव्हे.

सेवाग्रामच्या संस्थेने अलीकडच्या काळात अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, धारणी तालुक्यातील उतावली येथे, माता व बालके यांच्यासाठी रुग्णालय चालविले आहे. त्याला, २००१ मध्ये सेवाग्राम येथेच निधन पावलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांचे नाव दिलेले आहे. मेळघाटातील कुपोषण व बालमृत्यू यांची चर्चा १९९३ पासून न्यायालयापर्यंत पोचलेली आहे. एका अर्थाने येथे १९४५ सालच्या सेवाग्रामचीच पुनरावृत्ती होत आहे : पुन्हा स्त्रिया व मुले, पुन्हा दूरचे खेडे, पुन्हा घरातील अंधारी खोली. भेद आहे तो भाषेचा. येथील बहुसंख्य स्त्रिया कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातील, त्या कुळाच्या पश्चिम टोकाची भाषा. मराठीशी तिचे कोणतेही आनुवंशिक नाते नाही. सेवाग्रामच्या विद्यार्थ्याला वऱ्हाडी-नागपुरी बोली पंधरा दिवसांत कानावर घेता येते, कारण ती त्याच्या मराठीची अथवा हिंदीची शेजारीण आहे. कोरकूच्या बाबतीत तसे होत नाही. आजारी मुलाची आई आधी भुमकाकडे जाते त्याचे कारण केवळ श्रद्धा असे समजणे उतावीळपणाचे आहे. भुमका तिच्या भाषेत विचारतो आणि तिच्या भाषेत ऐकतो. रुग्णालयात तिच्या व डॉक्टरांच्या मध्ये गावातील आशा कार्यकर्ती उभी असते, आणि आईचे कोरकू वाक्य हिंदी-मराठीच्या मिश्रणातून डॉक्टरपर्यंत व तेथून इंग्रजी नोंदीपर्यंत जाते. या तीन टप्प्यांत ताप किती दिवसांचा होता हे सुखरूप पोचते. मूल दूध का पीत नाही याविषयी आईने जे सांगितले असेल त्याचे काय होते, याची नोंद कोठेही होत नाही.